वाचकांचे प्रश्न : तिकीट मिळाल्यावर आणि मिळण्याआधी

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे ट्रॅफिकचे तिकीट (म्हणजे नियम मोडल्याबद्दलची दंडाची नोटीस), लायसन्सवरचे पॉइंट्स (अशा चुकांबद्दल रेकॉर्डवर जमा होणारे दोषांक) आणि घरबसल्या करायचा 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग' कोर्स (दुसऱ्याच्या चुकीचा अंदाज घेऊन सावधपणे गाडी चालवायला शिकवणारा) या तीन गोष्टींविषयी आहेत. बहुतेक पत्रांतला गोंधळ एकाच ठिकाणी सुरू होतो. अमेरिकेत रस्त्यावरच्या पाट्या देशभर जवळपास सारख्या दिसतात, म्हणून कायदाही सगळीकडे सारखाच असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात वाहतुकीचे कायदे प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते, आणि त्याच कोर्सचा उपयोग एका राज्यात तिकीट रद्द होण्यासाठी, दुसऱ्यात पॉइंट्स कमी होण्यासाठी, तर तिसऱ्यात केवळ इन्शुरन्सच्या सवलतीसाठी होतो. मित्राचा अनुभव खरा असला तरी तो त्याच्या राज्यापुरताच खरा असतो, हे लक्षात ठेवून पुढची उत्तरे वाचावीत.

प्रश्न : डॅलसजवळच्या हायवेवर ६५ची मर्यादा असताना ७८च्या वेगाने गाडी चालवल्याबद्दल मला तिकीट मिळाले. मित्र म्हणतो, कुठलाही सहा तासांचा ऑनलाइन कोर्स करून सर्टिफिकेट कोर्टाला पाठवून दे, तिकीट आपोआप रद्द होते. तसे केले तर चालेल ना?
— एक वाचक, प्लेनो, टेक्सास

उत्तर : मित्राने सांगितलेले अर्धे बरोबर आहे, पण त्याने क्रम उलटा सांगितला आहे, आणि टेक्सासमध्ये सगळे महत्त्व त्या क्रमालाच आहे. आधी कोर्टाची परवानगी, मग कोर्स. तुमच्या तिकिटावर कोर्टापुढे हजर होण्याची एक तारीख छापलेली असेल. त्या दिवशी किंवा त्याआधी तुम्ही कोर्टाला कळवायचे आहे की, आपण 'गिल्टी' (चूक मान्य) किंवा 'नो कॉन्टेस्ट' (चूक कबूल नाही, पण आरोपाला आव्हानही नाही) असे उत्तर देत असून ड्रायव्हिंग सेफ्टी कोर्स (डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्सचे टेक्सासमधले नाव) करण्याची परवानगी मागत आहोत. सोबत टेक्सासचे लायसन्स आणि इन्शुरन्सचा पुरावा जोडावा लागतो आणि कोर्टाचे शुल्क भरावे लागते. परवानगी मिळाल्यावर कोर्ससाठी ९० दिवस मिळतात. त्या मुदतीत कोर्सचे सर्टिफिकेट, डीपीएसकडून (टेक्सासच्या डिपार्टमेंट ऑफ पब्लिक सेफ्टीकडून) मागवलेला तुमच्या ड्रायव्हिंगचा प्रमाणित रेकॉर्ड आणि गेल्या १२ महिन्यांत याच कारणासाठी असा कोर्स केलेला नाही असे प्रतिज्ञापत्र, अशी तिन्ही कागदपत्रे कोर्टात पोहोचली पाहिजेत. अनेकजण कोर्स पहिल्याच आठवड्यात संपवतात आणि प्रमाणित रेकॉर्ड मागवायचे विसरतात. मग ९०वा दिवस उजाडतो आणि धावपळ सुरू होते. माझे सांगणे असे की, परवानगी हातात आली त्याच दिवशी रेकॉर्ड मागवून ठेवा. तो मागवताना मात्र नीट पाहा, कारण डीपीएस अनेक प्रकारचे रेकॉर्ड देते आणि कोर्टाला साधारणपणे '३ए' हाच प्रकार लागतो.

याहून महागात पडणारी चूक वेगळीच आहे. तिकीट घरी आणल्यावर मनावरचे ओझे उतरावे म्हणून काहीजण त्याच रात्री कोर्टाच्या संकेतस्थळावर दंड भरून टाकतात. आपल्याला वाटते की आपण प्रामाणिकपणे पैसे भरले आणि विषय संपला. पण टेक्सासच्या कायद्यात असा दंड भरणे म्हणजे दोष सिद्ध होण्यास मान्यता देणे होय, आणि तिथून कोर्सकडे जाणारी वाट बंद होते. म्हणून पैसे भरण्याआधी आपण दंड भरत आहोत की कोर्सच्या अर्जाचे शुल्क भरत आहोत, हे पडद्यावरच्या मजकुरात दोनदा वाचून घ्या.

तुम्ही मर्यादेपेक्षा १३ मैलांनी अधिक वेगात होता, त्यामुळे ही सवलत तुम्हाला हक्काने मागता येईल. वेग मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून अधिक असता, किंवा मर्यादा काहीही असली तरी गाडीचा वेग ९५ किंवा त्याहून अधिक असता, तर हा हक्क राहिला नसता. रस्त्याचे काम चालू आहे आणि कामगार हजर आहेत अशा ठिकाणचे तिकीट, थांबलेल्या स्कूल बसला ओलांडल्याचे तिकीट, आणि ज्याच्याकडे व्यावसायिक वाहनाचे लायसन्स आहे अशा माणसाचे तिकीट, मग तो तेव्हा घरची गाडी का चालवत असेना, ही सगळी या सवलतीबाहेर आहेत. राहिला प्रश्न 'कुठल्याही' कोर्सचा. कोर्स टेक्सास डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशन या खात्याने मान्य केलेलाच हवा. जाहिरातीत 'सर्व राज्यांत मान्य' असे लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नका. खात्याच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्या संस्थेचे नाव शोधा आणि मगच पैसे भरा.

प्रश्न : 'तुमचे ट्रॅफिक तिकीट थकले आहे, आज दंड भरला नाही तर लायसन्स निलंबित होईल' असा मेसेज फोनवर आला आहे. मला तर कोणतेही तिकीट मिळाल्याचे आठवत नाही. काय करावे?
— एक वाचक, टॅम्पा, फ्लोरिडा

उत्तर : त्या मेसेजमधल्या दुव्याला हात लावू नका. अशा फसव्या मेसेजबद्दल अनेक राज्यांच्या मोटार वाहन खात्यांनी लोकांना सावध केले आहे. मनातली शंका जात नसेल तर तुमच्या कौंटीच्या क्लर्क ऑफ कोर्टचे (कोर्टाच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचे) संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि लायसन्स क्रमांकाने शोध घ्या. मेसेजमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करून शंका फेडण्याचा प्रयत्नही करू नका.

प्रश्न : मी एडिसनला राहतो आणि माझा सहकारी न्यू यॉर्कमधल्या क्वीन्सला. दोघांनीही ऑनलाइन कोर्स केला. त्याचे चार पॉइंट्स कमी झाले, माझे दोनच. शिवाय मागच्या महिन्यात पेनसिल्व्हेनियात मला वेगाचे तिकीट मिळाले, त्याचे पॉइंट्स इथे लागतील का?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुमच्या बाबतीत काही चुकलेले नाही. न्यू जर्सीत मान्यताप्राप्त डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग कोर्स केल्यावर रेकॉर्डवरचे दोन पॉइंट्स वजा होतात आणि हा लाभ पाच वर्षांतून एकदाच मिळतो. पॉइंट्स शून्य असताना कोर्स केला तर पुढच्या चुकीसाठी दोन पॉइंट्स जमा राहत नाहीत; इन्शुरन्सच्या हप्त्यात तीन वर्षे सवलत मात्र मिळते. म्हणून ज्यांच्या रेकॉर्डवर आज पॉइंट्स नाहीत त्यांनी कोर्स कधी करायचा, याचा विचार करूनच तो करावा. याखेरीज कोणताही नवा गुन्हा किंवा निलंबन न होता एक वर्ष गेले की न्यू जर्सी आपणहून तीन पॉइंट्स कमी करते. ही तरतूद फार थोड्या लोकांना ठाऊक असते, आणि ती या कोर्सपेक्षा उदार आहे. उलट, तीन वर्षांत सहा किंवा अधिक पॉइंट्स झाले तर राज्य 'सरचार्ज' (जादा शुल्क) लावते, आणि तो इन्शुरन्सच्या वाढलेल्या हप्त्याखेरीज असतो.

तुमच्या सहकाऱ्याच्या 'चार पॉइंट्स'चा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. न्यू यॉर्कमध्ये या योजनेला 'पॉइंट अँड इन्शुरन्स रिडक्शन प्रोग्रॅम' म्हणतात आणि कोर्स ३२० मिनिटांचा असतो. लायसन्स निलंबित करायचे की नाही हे ठरवताना पॉइंट्सच्या बेरजेतून चारपर्यंत पॉइंट्स वगळले जातात, पण मूळ नोंद रेकॉर्डवर जशीच्या तशी राहते. तिकीट रद्द होत नाही आणि इन्शुरन्स कंपनीला ते दिसत राहते. त्याच्यासाठी खरा लाभ आहे तो हप्त्याचा : गाडीचा मुख्य चालक म्हणून कोर्स पूर्ण केल्यास लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई), नो-फॉल्ट (दोष कोणाचाही असो, दुखापतीचा खर्च) आणि कोलिजन (धडकेत आपल्या गाडीचे नुकसान) या इन्शुरन्सच्या भागांच्या मूळ दरावर तीन वर्षे १० टक्के सूट मिळते.

आता पेनसिल्व्हेनियाचे तिकीट. राज्ये अशी माहिती एकमेकांना कळवतात, आणि दुसऱ्या राज्यात गाडी चालवताना केलेल्या उल्लंघनाबद्दल न्यू जर्सी दोन पॉइंट्स लावते. हेच तिकीट तुमच्या क्वीन्सच्या सहकाऱ्याला मिळाले असते तर न्यू यॉर्कने पॉइंट्स लावले नसते, कारण दारू किंवा अमली पदार्थांशी संबंधित गुन्हे सोडल्यास ते राज्य बाहेरच्या राज्यातली साधी तिकिटे रेकॉर्डवर घेत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ आणि क्युबेक या दोन प्रांतांची मात्र घेते. एका नदीच्या दोन काठांवर इतका फरक आहे. पण म्हणून पेनसिल्व्हेनियाच्या तिकिटाला उत्तर न देण्याची चूक दोघांपैकी कोणीही करू नये, कारण दुर्लक्षित तिकिटामुळे आपल्या राज्यातले लायसन्स अडचणीत येऊ शकते.

प्रश्न : कॅलिफोर्नियात 'ट्रॅफिक स्कूल' केल्यावर तिकीट पुसले जाते का?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर : पुसले जात नाही, झाकले जाते. एका पॉइंटच्या साध्या तिकिटासाठी, १८ महिन्यांतून एकदा, कोर्टाच्या संमतीने हा कोर्स करता येतो. दंड पूर्ण भरावाच लागतो, वर कोर्टाचे शुल्क आणि शाळेची फी वेगळी. त्या बदल्यात ती नोंद गोपनीय राहते आणि इन्शुरन्स कंपनीला पॉइंट दिसत नाही. हप्ता वाढला असता तर काही वर्षे किती भरावे लागले असते याचा हिशेब केला, तर बहुतेकांना हा व्यवहार फायद्याचाच वाटेल.

प्रश्न : आम्ही ऑस्टिनहून अल्बनीला राहायला आलो. दुभाजक असलेल्या रस्त्यावर पलीकडच्या बाजूला स्कूल बस लाल दिवे लावून उभी होती. मी टेक्सासच्या सवयीने पुढे गेले आणि पोलिसाने थांबवले. मधे दुभाजक होता, मग माझे काय चुकले?
— एक वाचक, अल्बनी, न्यू यॉर्क

उत्तर : टेक्सासमध्ये तुमचे काहीच चुकले नसते, आणि म्हणूनच तुमचे पत्र मला महत्त्वाचे वाटते. टेक्सासमध्ये दोन दिशांच्या मधे प्रत्यक्ष दुभाजक असेल तर समोरून येणाऱ्याने थांबण्याची सक्ती नाही. मधे नुसती डावीकडे वळण्याची लेन रंगवलेली असेल तर मात्र थांबावे लागते. न्यू जर्सीत दुभाजकापलीकडे बस उभी असेल तर वेग ताशी १० मैलांवर आणून पुढे जाता येते. कॅलिफोर्नियात दुभाजक नसला तरी दोन्ही दिशांना प्रत्येकी दोन किंवा अधिक लेन असल्या की समोरच्या बाजूला थांबणे बंधनकारक नाही. न्यू यॉर्क यापैकी कोणताच अपवाद मानत नाही : लाल दिवे लुकलुकत असताना दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचे, दुभाजक असो वा नसो, आणि पहिल्याच चुकीला किमान २५० डॉलर दंड आहे.

मला विचाराल तर न्यू यॉर्कचा नियम कुठेही पाळण्याजोगा आहे, अर्थात मागच्या गाडीला आपल्या थांबण्याचा अंदाज येईल याची काळजी घेऊन. एकदा बस थांबताना नीट पाहा. आधी पिवळे दिवे लुकलुकतात, मग लाल, मग डाव्या अंगाने थांबण्याची पाटी उघडते आणि पुष्कळ बसगाड्यांच्या पुढच्या बंपरवरून एक लांब पिवळा दांडा बाहेर येतो. तो गाड्यांसाठी नसतो. मुलांनी बसच्या नाकाला खेटून न जाता काही फूट पुढून, ड्रायव्हरच्या नजरेसमोरून जावे म्हणून तो असतो. सहा वर्षांचे मूल तो दांडा ओलांडून जाताना हातातला कागद वाऱ्याने उडाला, तर कागदामागेच धावते. दुभाजक त्याला दिसतसुद्धा नाही.

राज्य बदलले की असे फरक कितीतरी ठिकाणी अंगावर येतात. लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळण्याची मुभा देशात बहुतेक ठिकाणी आहे, पण न्यू यॉर्क शहरात तशी पाटी असेल तिथेच वळता येते. टेक्सासचा राज्य कायदा गाडी उभी असताना मेसेज वाचण्याला आडकाठी करत नाही. कॅलिफोर्नियात सिग्नलला उभे असणे हेसुद्धा गाडी चालवणेच धरले जाते आणि फोन हातात धरणेच निषिद्ध आहे, तो स्टँडवर लावून एका बोटाच्या एका स्पर्शापुरताच वापरता येतो. दारूच्या बाबतीत रक्तातील प्रमाणाची मर्यादा इतर राज्यांत ०.०८ आहे, तर यूटामध्ये २०१८च्या अखेरीपासून ०.०५ आहे. नव्या राज्यात गेल्यावर आपण वीज, इंटरनेट आणि शाळेची चौकशी पहिल्या आठवड्यात करतो. त्याच आठवड्यात त्या राज्याची चालक-पुस्तिका एक संध्याकाळ घालून वाचावी. ती मोटार वाहन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

प्रश्न : हिरव्या सिग्नलला सरळ जात असताना समोरून डावीकडे वळणाऱ्या गाडीने मला धडक दिली. चूक संपूर्णपणे त्याची ठरली. तरीही माझ्या इन्शुरन्सचा एजंट 'डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स करा' म्हणतो. हक्क माझा होता, तर कोर्स मी का करावा?
— एक वाचक, शिकागो, इलिनॉय

उत्तर : तुमचा राग समजतो. पण 'हक्क माझा होता' या शब्दांपाशी थोडे थांबावे, अशी विनंती आहे. राज्यांचे वाहतूक कायदे काढून वाचले तर त्यांत 'अमक्याला आधी जाण्याचा हक्क आहे' अशा भाषेपेक्षा 'अमक्याने वाट द्यावी' ही भाषा वारंवार आढळते. डावीकडे वळणाऱ्याने समोरून जवळ आलेल्या गाडीला वाट द्यावी. चारही बाजूंना स्टॉपची पाटी असलेल्या चौकात दोन गाड्या एकाच वेळी पोहोचल्या तर डावीकडच्याने उजवीकडच्याला वाट द्यावी. म्हणजे कायदा थांबण्याचे कर्तव्य एकावर टाकतो. तो ते पाळेलच याची हमी मात्र दुसऱ्याला देत नाही. डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग हे या दोहोंमधल्या फटीसाठी आहे. इन्शुरन्स कंपनीने दोष कोणाचा हे ठरवले, ते धडक झाल्यानंतर. धडक टाळण्याची संधी त्याआधीच्या दोन सेकंदांत होती, आणि ती दोघांनाही होती.

हे शास्त्र नवे नाही. हॅरोल्ड स्मिथ यांनी १९५२ मध्ये व्यावसायिक चालकांसाठी पाच सूत्रांची पद्धत मांडली आणि १९६४ मध्ये नॅशनल सेफ्टी कौन्सिलने सामान्य चालकांसाठी कोर्स सुरू केला; आजच्या ऑनलाइन कोर्समधला गाभा बराचसा तिथूनच आलेला आहे. नजर लांबवर ठेवा, आजूबाजूचे संपूर्ण दृश्य पाहा, डोळे सतत फिरते ठेवा, निसटायला जागा ठेवा, आणि आपण समोरच्याला दिसलो आहोत याची खात्री करा. तुमच्या अपघातात शेवटची दोन सूत्रे कामी आली असती. डावीकडे वळायला टपलेल्या गाडीची पुढची चाके पाहावीत. गाडी हलण्याआधी चाके वळलेली दिसतात. ती वळलेली असतील तर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवावा. याने तुमचा एखादा सेकंदसुद्धा वाया जात नाही.

निसटायला जागा ठेवण्याचा हिशेब तर एकदा कागदावर मांडून पाहावाच. ताशी ६० मैलांच्या वेगाने गाडी सेकंदाला ८८ फूट जाते. धोका दिसून पाय ब्रेकपर्यंत पोहोचायला दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी १३२ फूट पुढे गेलेली असते. कोर्समध्ये शिकवतात ते तीन सेकंदांचे अंतर म्हणजे २६४ फूट, साधारण सतरा गाड्या एकामागे एक लावल्या तर होईल इतके. आपण मात्र हायवेवर दोन-तीन गाड्यांची जागा सोडतो आणि पुरेसे अंतर ठेवल्याच्या समाधानात असतो.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी माझ्या पुढच्या पिकअप ट्रकवरून ॲल्युमिनियमची शिडी सुटली. ती रस्त्यावर आपटून आडवी फिरली आणि माझ्या लेनमध्ये येऊन पडली. त्या दिवशी मी पुलाखालच्या खांबापासून 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' असे मोजून अंतर वाढवून घेतले होते, तेही केवळ नुकताच कोर्स केला होता आणि मोजण्याची सवय ताजी होती म्हणून. शिडी पडताना दिसली, आरशात मागची गाडी दिसली, उजवी लेन मोकळी आहे हे आधीच पाहिलेले होते. शिडीच्या दोन पायऱ्यांमधली फट मोजता यावी इतक्या जवळून मी गेलो, पण गेलो. दोष निःसंशय त्या ट्रकवाल्याचाच ठरला असता. मागच्या सीटवर माझी मुलगी झोपली होती.

म्हणून कोर्स करा, आणि सवलत नाही मिळाली तरी करा, असे मी आग्रहाने म्हणेन.

प्रश्न : माझी आई ७० वर्षांची आहे. इथले लायसन्स तिने मागच्या वर्षी घेतले. गाडी तिच्याच नावावर आहे, म्हणून १० टक्के सवलतीसाठी ऑनलाइन कोर्स करावा असे आम्ही ठरवले. पण इंग्रजी वाचायला तिला वेळ लागतो. तिच्या नावाने मी कोर्स पूर्ण केला तर कोणाला कळणार आहे?
— एक वाचक, लाँग आयलंड, न्यू यॉर्क

उत्तर : कृपया असे करू नका. कोर्स मीच पूर्ण केला, असे त्या सर्टिफिकेटमागे तुमच्या आईचे निवेदन असते. ते खोटे ठरले तर गुंतागुंत तिच्या नावावर होते, तुमच्या नव्हे. ऑनलाइन कोर्समध्ये प्रत्येक पानाला ठरलेला वेळ असतो, पुढची पाने उडवता येत नाहीत आणि मधूनमधून ओळख पटवणारे प्रश्न येतात, ते याच कारणासाठी. पण हा सगळा पकडले जाण्याचा भाग झाला. खरे कारण असे की, डावीकडून वाहतूक चालणाऱ्या देशात उभे आयुष्य गेलेल्या आणि सत्तरीत इथे गाडी चालवू लागलेल्या माणसाला या कोर्सची गरज तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे.

३२० मिनिटे एका बैठकीत संपवण्याची सक्ती नाही. रोज चाळीस-पन्नास मिनिटे ठेवली तर आठवड्यात कोर्स होतो. तुम्ही शेजारी बसा, अडलेला शब्द मराठीत समजावून सांगा, पण उत्तर आईलाच देऊ द्या. ऑनलाइनचा कंटाळा आला तर याच योजनेचे वर्गात बसून करायचे कोर्सही आहेत, आणि ज्येष्ठांसाठी एएआरपी या ज्येष्ठांच्या संस्थेचा 'स्मार्ट ड्रायव्हर' कोर्स अनेक ठिकाणी होतो. समवयस्कांबरोबर बसून प्रश्न विचारायला मोकळे वाटते, असा माझ्या माहितीतल्या काही आजी-आजोबांचा अनुभव आहे.

सवलतीची मुदत तीन वर्षांची असते, त्यामुळे सर्टिफिकेटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपत आली की कोर्स पुन्हा करावा लागतो. आणि कोर्समधला वळणांचा धडा झाला की त्याच संध्याकाळी, उजेड असताना, आईला गाडीत बसवून तिच्या नेहमीच्या रस्त्यांवरून एक फेरी मारा. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या वेगाचा अंदाज घेत डावीकडे वळणे वय वाढते तसे अवघड होत जाते. वाण्याकडे, मंदिरात, मैत्रिणीकडे जाताना अशी किती वळणे लागतात ती मोजा. जिथे डावीकडे वळण्यासाठी हिरव्या बाणाचा सिग्नल नाही, तिथे एक चौक पुढे जाऊन तीन वेळा उजवीकडे वळून तोच रस्ता गाठता येतो का ते पाहा, आणि तो मार्ग आईकडूनच दोनदा चालवून घ्या.